विद्युतचुंबकीय व्यत्ययरोधक पॉलिमर नॅनोकंपोझिट फिल्म

वीज न वाहणाऱ्या पॉलिमरमध्ये कार्बन नॅनोट्यूब, ग्राफीन, चांदीच्या नॅनोतारा किंवा मॅक्सिन (धातूच्या कार्बाइड किंवा नायट्राइडचे अतिशय पातळ पापुद्रे) असे वाहक भरणद्रव्य मिसळून केलेली, विद्युतचुंबकीय तरंग अडवणारी फिल्म. ती हलकी असते, वाकते आणि तिचे पॉलिमर गंजत नाही. पण तेवढ्याच जाडीच्या तांब्याची बरोबरी ती सहसा करत नाही. परिरक्षण, म्हणजे तरंग अडवण्याची क्षमता, डेसिबेलमध्ये मोजतात. २० डेसिबेलला ९९ टक्के शक्ती अडते, ३० ला ९९.९ टक्के.

भरणद्रव्याचे कण एकमेकांना जवळजवळ टेकून सलग जाळे तयार झाले की वाहकता एकदम अनेक पटींनी वाढते. नॅनोट्यूब लांब आणि बारीक असल्याने हे थोड्याच प्रमाणात साधते.

वजनाने ५ टक्के नॅनोट्यूब असलेल्या फिल्मसाठी २ ग्रॅम पीव्हीडीएफ या पॉलिमरला ०.१०५ ग्रॅम नॅनोट्यूब लागतात. नॅनोट्यूब आधी डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकात अल्ट्रासाउंडने विखुरतात, मग त्यात पॉलिमर विरघळवतात. ९ सेंटिमीटर व्यासाच्या सपाट बशीत ओतून ८० अंश सेल्सियसला सुकवले की साधारण १८० मायक्रोमीटरची फिल्म मिळते. द्रावक विषारी आहे. काम धूर-कपाटातच करावे.

अल्ट्रासाउंड कमी पडला तर गुठळ्या राहतात. जास्त झाला तर नळ्या तुटून आखूड होतात आणि जाळ्यासाठी अधिक भरणद्रव्य लागते. दमट हवेत सावकाश सुकवल्यास द्रावक ओलावा ओढतो, पॉलिमर आधीच बाहेर पडते आणि फिल्म सच्छिद्र, ठिसूळ होते.

वाहकता आणि जाडी यांचा गुणाकारच बहुतेक निकाल लावतो. १०० सीमेन्स प्रति मीटर वाहकतेची वरील फिल्म मोकळ्या अवकाशात सुमारे १३ डेसिबेलच देते. २० साठी जाडी जवळपास ४८० मायक्रोमीटर लागेल. म्हणून जाडी न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी. २०१६ मध्ये टायटॅनियम कार्बाइड मॅक्सिनच्या ४५ मायक्रोमीटर फिल्मने ९२ डेसिबेल नोंदवले, पण त्या फिल्ममध्ये पॉलिमर नव्हते. शिवाय पाणी व हवेत मॅक्सिनचे ऑक्सिडीकरण होते.

मापन बहुधा ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झला, २२.८६ × १०.१६ मिलिमीटर पोकळीच्या तरंगनलिकेत (तरंग वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीत), नेटवर्क अ‍ॅनालायझरने (किती तरंग परततात आणि किती पार जातात हे मोजणाऱ्या उपकरणाने) करतात. नमुना आणि फ्लँज (नलिकेची जोडकडा) यांत फट राहिली तर तिथून तरंग निसटतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

फिल्म ‘शोषणप्रधान’ आहे, म्हणजे तरंग परतवण्यापेक्षा शोषते जास्त, हा दावा तपासूनच घ्यावा. परावर्तनाचे १० आणि शोषणाचे २० डेसिबेल असले, तरी ९० टक्के शक्ती मागेच फिरलेली असते. शोषली जाते ती ९.९ टक्केच. शोषणाचा डेसिबेल आकडा फक्त आत शिरलेल्या शक्तीवर काढलेला असतो.