हार्ट फेल्युअरमध्ये बीपी आधीच कमी, मग अजून कमी करणाऱ्या गोळ्या कशाला?

हार्ट फेल्युअर म्हटलं की लोकांना वाटतं हार्ट बंदच पडलं. तसं नसतं, चालू असतं पण जोर कमी झालेला असतो. धडधाकट माणसाचं हार्ट बसल्या जागी मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं आणि दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं निम्म्याहून जास्त बाहेर ढकलतं, इकोच्या (हार्टच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ईएफ लिहितात ना ते हेच, 40 टक्के किंवा त्याखाली आलं की पंप खरंच थकलाय.

आता बीपीचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो, रक्त किती वाहतंय आणि रक्तवाहिन्या किती आवळल्यात. पंप थकला की शरीराचा गैरसमज होतो, कुठेतरी जखम होऊन रक्त गेलं असं धरून ते वाहिन्या आवळतं आणि किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. खरंच रक्त गेलं असतं तर याने जीव वाचला असता, इथे मात्र दमलेल्या हार्टला आवळलेल्या नळ्यांमधून रक्त रेटावं लागतं, वर पाणी साठून पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. म्हणून वरचं बीपी 100 च्या आसपास असलं तरी डॉक्टर वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या देतात, हार्टवरचा भार उतरावा म्हणून. आणि लोक काय करतात, मशीनवरचा आकडा बघून गोळी परस्पर बंद करतात!

हार्ट ट्रान्सप्लांटनंतर गंमत उलटी होते. पंप नवा, दमदार, पण शरीराने तो नाकारू नये म्हणून दिलेली सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस वाहिन्या आवळतात, किडनीत मीठ अडकवतात, आणि काल लो बीपीवाला पेशंट आज हाय बीपीच्या गोळ्या घेतो.

शिवाय दात्याचं हार्ट काढताना त्याच्या नसा, म्हणजे मेंदूशी संदेशांची ने-आण करणाऱ्या नर्व्ह, कापल्या जातात. ठोके हळू ठेवणारी नसच नाही, त्यामुळे स्वस्थ बसलं तरी नाडी 90 ते 110. जिना चढायला लागलं की ठोके लगेच वाढत नाहीत, रक्तातून ॲड्रेनलिन हे ठोके वाढवणारं हार्मोन पोचेपर्यंत थांबावं लागतं, आणि बसल्यावरही ते बराच वेळ खाली येत नाहीत, म्हणून या पेशंटना व्यायामाआधी वॉर्मअप सांगतात. काहींच्यात पुढे काही नसा परत जुळतात पण पूर्ण नाही, त्यामुळे हार्टच्या वाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखेलच असं नाही, आणि म्हणूनच काही त्रास नसतानाही त्यांची ठरावीक काळाने अँजिओग्राफी करतात.