जिभेने केलेली फसवणूक

गॅबन, कॅमेरून, काँगोच्या दमट जंगलात रात्री एक चिमुकलं वटवाघूळ फुलं धुंडाळत फिरतं. वजन जेमतेम 10 ते 15 ग्रॅम. निमुळतं तोंड, नाजूक जबडा, बारीक दात आणि लांबच लांब जीभ. जिभेच्या टोकाला केसांसारखे उंचवटे असतात, त्यांत फुलांतला मध अडकून वर येतो. हे वोरमनचं वटवाघूळ, शास्त्रीय नाव मेगालोग्लॉसस वोरमनी. 1885 साली त्याची नोंद झाली. आफ्रिका खंडात निव्वळ मधावर जगण्यासाठी घडलेली फलाहारी कुळातली वटवाघळं एवढीच.

वर्गीकरणात याला बसवायचं कुठे? आशियात आणि ऑस्ट्रेलियाकडच्या बेटांवरही अशीच लांब जिभेची वटवाघळं आहेत. 1912 साली ब्रिटिश म्युझियमच्या मोठ्या सूचीत क्नुड अँडरसनने या सगळ्यांना मॅक्रोग्लॉसिनी या एकाच उपकुळात ठेवलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हाताशी कवट्या आणि कातडी होती, आणि त्या तसंच सांगत होत्या.

1997 साली हॉलर आणि स्प्रिंगर यांनी मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भागातला डीएनए ताडून पाहिला आणि ते उपकुळ विस्कटलं. वोरमनचं वटवाघूळ निघालं आफ्रिकेतल्याच फळं खाणाऱ्यांचं भाऊबंद. दक्षिण-पूर्व आशियात डुरियन या फळझाडाच्या फुलांवर येणारं लांब जिभेचं वटवाघूळ इओनिक्टेरिस तर रूसेटस या फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या जवळचं. आपल्याकडे लेण्यांत, भुयारांत वटवाघळं लटकलेली असतात, त्यांतली काही हीच रूसेटस. म्हणजे लांब जीभ एका पूर्वजाकडून सगळ्यांना मिळालेली नाही. मध चावावा लागत नाही, म्हणून मधावर जगणाऱ्याचे दात आणि जबडा पिढ्यानपिढ्या बारीक होत जातात, जीभ वाढते. हे निरनिराळ्या शाखांत वेगवेगळं घडलं. अमेरिकेतल्या मधखाऊ वटवाघळांचं कूळ तर पार निराळं. ती आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात, वोरमनचं मात्र डोळे आणि नाक यांच्या भरवशावर उडतं.

मला याहून गमतीची वाटते ती पुढची गोष्ट. जी दिसायला सारखी ती नात्याने दूर निघाली, तसं याच्या घरातही झालं. सव्वाशे वर्षं वोरमनी ही एकच जात धरली जायची. 2013 मध्ये जनुकं तपासल्यावर पश्चिम आफ्रिकेतली वटवाघळं वेगळी जात ठरली. आयव्हरी कोस्टमधल्या अझाग्नी राष्ट्रीय उद्यानावरून तिचं नाव पडलं मेगालोग्लॉसस अझाग्नी. जुन्या नोंदीत नुसतं वोरमनी लिहिलेलं दिसलं, तर तो नमुना कुठल्या देशातला, हे आधी पाहावं लागतं.