एक पंप, दोन रिअ‍ॅक्टर: पाणी निम्मे-निम्मे वाटले जात नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे समुद्री माशांच्या टाक्या ठेवणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो: ताशी १००० लिटरचा पंप घ्या, टी (एका नळीचे दोन फाटे करणारा जोड) लावा, दोन्ही रिअ‍ॅक्टरना (पाणी शुद्ध करणारे दाणे भरलेल्या नळकांड्यांना) ५००-५०० लिटर मिळतील.

हिशेब सरळ वाटतो, म्हणून तो पटणे साहजिक आहे. पण खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा असतो. पाणी टाकीखालून वर चढले, नळीची वळणे पार करून आले, की तो बराच खाली येतो. उरलेले पाणी टी मोजून वाटत नाही; जिकडे अडथळा कमी, तिकडे ते जास्त जाते. एका रिअ‍ॅक्टरमधले कार्बनचे दाणे जाड, त्यांतून पाणी सहज निघते. दुसऱ्यातले फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे बारीक. ते गाळाने चिकटू लागले की त्यांच्या वाट्याचे पाणी गुपचूप कार्बनकडे वळते. म्हणजे आज जुळवलेली वाटणी काही आठवड्यांनी तशीच राहत नाही.

खात्री घरीच होते. एका रिअ‍ॅक्टरची परतीची नळी लिटरच्या मापात धरा, मोबाइलवर सेकंद मोजा. माप २० सेकंदांत भरले तर ताशी १८० लिटर. मग दुसरी नळी मोजा.

उपाय वेगळा पंप नव्हे. टीनंतर प्रत्येक फांदीला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवा. लोहाचे दाणे वरच्या थरात हलकेच हलतील इतकेच पाणी द्या. जोरात घुसळले तर त्यांची पूड होऊन टाकीत जाते. पावसाळ्यात लाइट जाऊन आली की दाणे पुन्हा हलताहेत ना, तेवढे पाहा.