इतिहासाचा डाव कुठून सुरू करायचा?

स्ट्रॅटेजी गेमसाठी ऐतिहासिक सिनॅरिओ, म्हणजे ठरावीक काळापासून सुरू होणारी डावाची तयार मांडणी, बनवायचा म्हणजे नकाशा, फौजा, आकडे हे आलंच; पण खरी डोकेदुखी वेगळी असते. जे घडलं तेच घडलं पाहिजे असा हट्ट धरला, तर खेळणारा नुसता बघ्या उरतो. सगळं मोकळं सोडलं, तर थोड्याच वेळात पडद्यावरच्या जगाचा त्या काळाशी काही संबंध राहत नाही. त्यात भर म्हणजे खेळणाऱ्याला पुढचा इतिहास आधीच पाठ असतो. हा पेच कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे.

१८१२ मध्ये बॅरन फॉन राइसविट्झने प्रशियाच्या राजाला एक युद्धखेळ सादर केला. पुढे १८२४ मध्ये त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने त्याला नवं रूप दिलं. १:८००० प्रमाणाचे खरे नकाशे, लाल आणि निळे ठोकळे, दोन मिनिटांची एक खेळी आणि मध्ये पंच. दोन्ही पक्षांनी हुकूम लिहून द्यायचे. पंचाने फासे टाकून, तक्ते पाहून निकाल लावायचा आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच दाखवायचं. सेनाप्रमुख म्युफ्लिंग इतका खूश झाला की त्याने सगळ्या रेजिमेंटना तो खेळायची शिफारस केली. मात्र तक्त्यांचं ओझं वाढत गेलं, अधिकारी कंटाळले, आणि १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआने उलट टोक गाठलं: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल.

पंचावर सोडण्यात काय धोका असतो, याचा सर्वांत प्रसिद्ध किस्सा दुसऱ्या महायुद्धातल्या मिडवेच्या नाविक लढाईच्या आधीचा आहे. जपानी नौदलाचे फुचिदा यांनी आपल्या आठवणींत तो सांगितला आहे. मे १९४२ मधल्या टेबलावरच्या सरावात फाशांनी दोन जपानी विमानवाहू जहाजं बुडवली. मुख्य पंच उगाकी यांनी तो निकाल फिरवला आणि एकच बुडाल्याचं ठरवलं. पुढच्या महिन्यात प्रत्यक्षात चार बुडाली. सिनॅरिओ बनवणाऱ्याला हा मोह रोज होतो, फरक एवढाच की त्याच्या चुकीने कोणी मरत नाही.

हा खेळ लष्कराबाहेर, घरोघरच्या टेबलांवर नेला तो अमेरिकेच्या चार्ल्स रॉबर्ट्सने. १९५४ मधला त्याचा ‘टॅक्टिक्स’ काल्पनिक देशांचा होता. १९५८ मध्ये त्याच्याच ॲव्हलॉन हिल कंपनीने ‘गेटिसबर्ग’ काढला आणि एक खरी लढाई खोक्यात भरून दुकानात आली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, तीन दिवस चाललेल्या त्या लढाईत सैन्याच्या तुकड्या एकदम नाही, टप्प्याटप्प्याने पोहोचल्या होत्या. त्यामुळे कोणती तुकडी किती वाजता, कोणत्या रस्त्याने पटावर येणार याचं वेळापत्रक खेळातच आलं. तुकडी येणार हे पक्कं, आल्यावर तिचं काय करायचं ते खेळणाऱ्याच्या हातात. आजच्या गेममधले ‘इव्हेंट’ (आधी लिहून ठेवलेल्या घटना) आणि ‘ट्रिगर’ (त्या घडवून आणणाऱ्या अटी) या वेळापत्रकाचेच वंशज आहेत.

कॉम्प्युटरवर १९८० मध्ये एसएसआय कंपनीचा ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ आला, आणि १९८१ मध्ये अटारी कॉम्प्युटरवर क्रिस क्रॉफर्डचा ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’. हा दुसरा मुद्दाम आठवावा असा आहे. खेळणारा जर्मन बाजूने, रशिया कॉम्प्युटरकडे, मध्ये चिखल आणि बर्फ. पूर्ण विजय हे उद्दिष्टच नव्हतं. किती पूर्वेला पोहोचलात, किती तगलात, यावर गुण. जास्तीत जास्त २५५, कारण एका बाइटमध्ये तेवढेच मावतात. हरणाऱ्या बाजूलाही खेळण्यासारखं काही द्यायचं असेल, तर ‘इतिहासापेक्षा बरं करून दाखव’ हीच जिंकण्याची अट ठेवायची, ही युक्ती आजही सर्रास वापरतात. क्रॉफर्डने पुढे सिनॅरिओ बनवायचं साधनही विकायला ठेवलं. अवजारं खेळणाऱ्यांच्या हाती देण्याची सवय इतकी जुनी आहे.

जपानमध्ये कोएई कंपनीने निराळी वाट धरली. १९८५ च्या, प्राचीन चीनमधल्या तीन राज्यांवरच्या गेममध्ये चीनचा नकाशा तोच, पण सुरुवातीचं साल निवडायचं. इ.स. १८९ मध्ये सगळे सरदार जवळपास बरोबरीचे. पुढचं साल घेतलं की बरेचसे नामशेष आणि दोन-तीन बलाढ्य. म्हणजे साल हीच काठिण्यपातळी. साधी वाटते, पण फार हुशार कल्पना.

हौशी लोकांचा सुवर्णकाळ सुरू झाला तो १९९६ च्या ‘सिव्हिलायझेशन २’ पासून. गेमबरोबर रोम आणि दुसरं महायुद्ध असे तयार सिनॅरिओ होते. पण खरा खजिना म्हणजे नियमांची फाइल साध्या मजकुरात होती. कोणत्याही एडिटरमध्ये उघडा, भालाईताचं नाव बदला, तोफेची किंमत बदला. एखाद्या शोधाच्या पूर्वअटींच्या जागी दोनदा ‘नो’ लिहिलं की तो शोध कोणालाच लागत नाही. रोमन काळात बंदूक येऊ द्यायची नसेल तर एवढंच पुरे. त्याच वर्षीच्या विस्तारात, म्हणजे गेमला जोडायच्या वेगळ्या भागात, इव्हेंटची छोटी भाषा आली: ‘इफ’खाली अट, ‘देन’खाली परिणाम. अमुक शहर पडलं तर तमुक ठिकाणी चार तुकड्या उभ्या कर, तिजोरीत भर घाल, पडद्यावर बातमी दाखव. ‘जस्टवन्स’ हा शब्द विसरला की तेच शहर पुन्हा पडल्यावर कुमक पुन्हा हजर!

मर्यादाही होत्या, आणि कारागिरी त्यांतूनच आली. रानटी टोळ्या सोडल्या तर फक्त सात पक्ष. त्यामुळे महायुद्धाच्या अधिकृत सिनॅरिओत छोटे तटस्थ देश एकाच ‘तटस्थ’ पक्षात कोंबावे लागले. कोणाला स्वतंत्र जागा द्यायची आणि कोणाला गठ्ठ्यात टाकायचं, हा इतिहासाबद्दलचा निर्णयच असतो. मात्र तो तांत्रिक अडचण म्हणून खपून जातो.

१९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ने ट्रिगर माउसने जोडायची सोय दिली आणि प्रोग्रॅमिंग न येणारेही या धंद्यात उतरले.

तारखेचा खल सर्वांत खोलवर झाला तो पॅराडॉक्स कंपनीच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ मालिकेत. २००७ चा तिसरा भाग ३० मे १४५३ ला सुरू होई, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. बायझंटाइन साम्राज्य खेळायची हौस असलेल्यांच्या हाती काहीच नाही. पुढच्या वर्षीच्या विस्ताराने सुरुवात १३९९ पर्यंत मागे नेली. २०१३ च्या चौथ्या भागाने ११ नोव्हेंबर १४४४ ही तारीख धरली. आदल्या दिवशी वार्नाच्या लढाईत पोलंड आणि हंगेरीचा विशीतला राजा मारला गेलेला. सिंहासन रिकामं, लिथुएनियाच्या कॅसिमिरला बोलावायचं का, हा पोलंडच्या खेळणाऱ्यापुढचा जवळजवळ पहिला निर्णय. कॉन्स्टँटिनोपल अजून उभं, इंग्लंड अजून फ्रान्समध्ये पाय रोवून. एकाच दिवशी इतके दोर अर्धवट ताणलेले सापडणं दुर्मीळ.

घटनांबाबतही या मालिकेने दोन्ही टोकं पाहिली. दुसऱ्या भागात, २००१ मध्ये, ऐतिहासिक घटना ठरलेल्या सालांच्या आसपास येत. पहिला पर्याय बहुधा खऱ्या इतिहासाचा. देशाची परिस्थिती पार बदललेली असली, तरी संकट मात्र वेळेवर. तिसऱ्या भागाने ते बरंचसं काढून टाकलं, तर सगळे देश एकाच चवीचे लागू लागले. चौथ्यात तडजोड झाली: घटना ऐतिहासिक, पण ती येण्यासाठी तशी परिस्थिती हवी. बर्गंडीचा ड्यूक शार्ल १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत पडला आणि मागे मुलगा नसल्याने वारशाचा झगडा पेटला. इथे साल महत्त्वाचं नाही. बर्गंडीचा ड्यूक वारस न ठेवता गेला तर झगडा. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत मोठी प्रगती आहे. ग्राफिक्स वगैरे नंतर. कारण इथे सिनॅरिओ बनवणाऱ्याला घटना का घडली, याचं उत्तर लिहून द्यावं लागतं.

पानिपतावर सिनॅरिओ करायचा म्हटलं तर हे लगेच कळतं. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ धरली, तर उपाशी फौज, गारद्यांच्या तोफा आणि एक दिवस, फक्त रणनीती. ऑक्टोबर १७६० धरला, तर भाऊ कुंजपुऱ्याकडे, यमुनेला पाणी, आणि अब्दाली पलीकडच्या काठावर. पण आपल्याकडचा कोणताही खेळणारा पहिल्याच खेळीत बागपतच्या उतारावर पहारा बसवणार, कारण अब्दाली तिथूनच आला हे त्याला शाळेपासून माहीत. मग उतार कुठे मिळणार हे दर खेपेला फाशांवर सोडावं लागतं. भाऊंना जेवढं ठाऊक होतं तेवढंच खेळणाऱ्याला ठाऊक असावं म्हणून. रसद मात्र फाशांवर सोडून चालत नाही. वाटा तुटल्या की दर पंधरवड्याला फौजेचा जोर उतरला पाहिजे, नाहीतर डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले काय आणि जिवंत राहिले काय, काही फरकच पडणार नाही.

यानंतर येतं ते घासूनपुसून घेणं, आणि ते कंटाळवाणं आहे. कॉम्प्युटरला दोन्ही बाजूंनी एकट्यालाच खेळू द्यायचं, आपण नुसतं बघायचं, आणि निकाल मांडून ठेवायचे. दर वेळी एकच बाजू जिंकत असेल, तर लगेच तिचे सैनिक कमी करू नयेत. आधी कारण शोधावं. बहुतेक वेळा दोष नकाशात निघतो: एखादी खिंड जास्त रुंद, एखादा रस्ता नको तिथे. आकड्यांना हात सर्वांत शेवटी.

‘सिव्हिलायझेशन ४’ वरच्या ‘राइज् अँड फॉल’ या मॉडने (खेळणाऱ्याने मूळ गेम बदलून केलेल्या आवृत्तीने) तर एकच सुरुवात ही कल्पनाच मोडली. प्रत्येक संस्कृती आपापल्या काळात नकाशावर उगवते, आणि जुन्या साम्राज्याची शहरं तिच्याकडे वळू शकतात. एका हौशी माणसाचं हे काम २००७ च्या अधिकृत विस्तारात घेतलं गेलं. दुसऱ्या महायुद्धावरच्या, २०१६ च्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ मध्ये हा जुना वाद सेटिंगच्या एका चौकोनात येऊन बसला: कॉम्प्युटरच्या देशांनी ऐतिहासिक मार्गानेच जायचं की नाही, ते खेळणाऱ्याने खूण करून सांगायचं.