बोअर वाढवला, मॅपचं काय?

रॉयल एनफिल्डच्या दोन सिलिंडरच्या 650 ट्विनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 78 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 67.8. बोअर 90 मिलिमीटर केला, तर स्ट्रोकला हात न लावता इंजिन 648 वरून जवळपास 863 सीसीवर जातं. त्यासोबत हौशी मंडळी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम बसवतात, थ्रॉटल बॉडी (हवेची वाट कमी-जास्त उघडणारा भाग) मोठी करतात, सायलेन्सर मोकळा करतात. (मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला असले बदल चालत नाहीत, म्हणून ही ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट समजा.) लेथवरचं काम चांगला कारागीर बिनचूक करून देतो. डोकेदुखी पुढे असते: या इंजिनाला पेट्रोल द्यायचं किती?

हा प्रश्न खरं तर हवेचा आहे. सिलिंडरमध्ये हवा किती गेली हे कळलं, की पेट्रोलचा हिशेब सोपा. पण मोटरसायकलवर हवा थेट मोजणारं यंत्र सहसा नसतं. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, थ्रॉटल किती उघडलाय, आरपीएम किती आणि इनटेकमधला दाब किती, एवढ्यावरून अंदाज बांधतो. हा अंदाज एका तक्त्यात साठवलेला असतो, त्यालाच मॅप म्हणतात. कंपनीने तो मूळ इंजिनासाठी भरलेला. कॅम बदलला की तक्त्यातले आकडे दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचे ठरतात. या बाबतीत जुना कार्बोरेटर बरा होता. आत ओढली जाणारी हवाच त्यातून पेट्रोल खेचायची. ईसीयूचा विश्वास फक्त तक्त्यावर.

आकडे मांडूनच बघू. 7000 आरपीएमला चार स्ट्रोकचं एक चक्र सुमारे 17 मिलिसेकंदांत संपतं. मूळ सिलिंडर 324 सीसीचा. तो पूर्ण भरला, तर हवा साधारण 390 मिलिग्रॅम. पूर्ण ताकदीसाठी 13 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे प्रमाण धरलं, तर पेट्रोल 30 मिलिग्रॅम. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर मिनिटाला 200 सीसी सोडणारा आहे असं समजू. त्याला 12 मिलिसेकंद लागतील, शिवाय सुई उचलण्यात एखादा मिलिसेकंद जातो. म्हणजे 13, भरपूर सवड. आता सिलिंडर 431 सीसीचा झाला, पेट्रोल 40 मिलिग्रॅम हवं, वेळ 17 च्या पुढे. इंजेक्टर बंद व्हायला उसंतच उरली नाही! मॅपमध्ये कितीही मोठा आकडा घाला, एक थेंब जास्त मिळणार नाही. साधारण 85 टक्क्यांच्या वर इंजेक्टर उघडा राहू लागला, की मोठा इंजेक्टर घेणंच शहाणपणाचं.

‘ऑक्सिजन सेन्सर आहे ना, तो सुधारून घेईल,’ असं अनेकांना वाटतं. इथेच खरी गंमत आहे. हा सेन्सर पेट्रोल ओळखत नाही, एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन ओळखतो. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे असतात. तेवढ्यात ताजी हवा न जळताच एक्झॉस्टमध्ये निसटते. सेन्सर म्हणतो, मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. आयडलिंगला तर इंजिन इतकं रिच (पेट्रोल जास्त) होतं की मिसिंग करायला लागतं, म्हणजे मधूनमधून मिश्रण पेटतच नाही. मिसिंग झालं की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर, आणि सेन्सर पुन्हा ओरडतो, लीन! पेट्रोल आणखी वाढतं, प्लग काळे पडतात. सायलेन्सरच्या जॉइंटला बारीक गळती असली तरी हेच होतं. त्यामुळे अनुभवी ट्यूनर अशा इंजिनाच्या आयडलिंगला सेन्सरची दुरुस्ती सरळ बंद करतो आणि कानावर, आरपीएमच्या स्थिरतेवर भरवसा ठेवतो. मला हे पटतं.

फुल थ्रॉटलला मात्र कान उपयोगाचा नाही. तिथे वाइडबँड सेन्सर आणि डायनो (गाडी जागेवर रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) हवाच. कंपनीचा साधा सेन्सर मिश्रण 14.7 (एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. वाइडबँड नेमकं प्रमाण दाखवतो. ब्रेक असलेल्या डायनोवर गाडी एका आरपीएमला धरून ठेवायची, तक्त्यातला एक चौकोन दुरुस्त करायचा, मग पुढचा. कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय नाही.

परदेशातला तयार मॅप उतरवून घेणाऱ्यांनी आपल्या पंपावरचं पेट्रोल लक्षात घ्यावं. शुद्ध पेट्रोल 14.7 पट हवेत पूर्ण जळतं, ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) सुमारे 13.5 पट पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जवळपास 9 टक्के जास्त लागतं. फुल थ्रॉटलला सेन्सरची दुरुस्ती सहसा बंद असते, त्यामुळे ही तूट कुणी भरून काढत नाही. मिश्रण लीन, पिस्टन तापलेला, त्यात कॉम्प्रेशन वाढवलेलं आणि इग्निशन टायमिंग पुढे ओढलेलं (ठिणगी लवकर पाडलेली) असेल, तर नॉकिंग (मिश्रणाचा नको तसा स्फोट) आणि पिस्टनला भोक हे ठरलेलं. उंचीचं गणित याच्या उलट. पुण्याहून महाबळेश्वरला चढलात की हवेचा दाब साधारण 9 टक्के उतरतो. मॅप फक्त थ्रॉटलवर चालत असेल आणि दाबाचा सेन्सर जोडलेला नसेल, तर गाडी रिच होऊन जड चालते.

डायनोवर सगळं जमलं तरी अचानक थ्रॉटल पिळल्यावर गाडी गचका खाते. मोठ्या थ्रॉटल बॉडीत हवेचा वेग कमी, म्हणून पेट्रोल इनटेकच्या भिंतींना चिकटून राहतं आणि क्षणभर सिलिंडर उपाशी राहतो. त्या क्षणाचं जादा पेट्रोल गाडी चालवूनच ठरवावं लागतं. सगळ्यात चिवट काम कोल्ड स्टार्टचं. आकडा बदलून बटण दाबलं, इंजिन गरम झालं, की दिवसाची परीक्षा संपली. पुढचा आकडा तपासायला इंजिन पूर्ण थंड व्हायला हवं, म्हणजे बहुतेक वेळा उद्या सकाळी.