वादळाचा उजवा हात

चक्रीवादळ आलं की बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: 'ताशी 120 किलोमीटर वेगाने वादळ किनाऱ्याकडे झेपावतंय.' ते ऐकलं की मी टीव्हीशी भांडायला लागतो. वादळ खरंच त्या वेगाने निघालं, तर गोव्यासमोरून चारेक तासांत मुंबईत हजर होईल. जून 2020 मधलं 'निसर्ग' प्रत्यक्षात सायकलच्या वेगाने, ताशी 15-20 किलोमीटरने वर सरकत होतं. 110-120 हा वेग त्याच्या पोटात गरगरणाऱ्या वाऱ्याचा, आणि तोही सगळीकडे नाही, एका अरुंद कड्यापुरता.

अटलांटिकमधलं हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमधलं टायफून आणि आपलं चक्रीवादळ ही एकाच यंत्राची तीन नावं. मध्यभागी हवेचा दाब कमी, म्हणून भोवतालची हवा आत धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ जाऊ शकत नाही. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घिरट्या घालत आत शिरते.

खरी गंमत इथून पुढे. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरून, हात पसरून गिरकी घ्या आणि हात झटकन छातीशी आणा. खुर्ची एकदम जोरात फिरेल. मध्यापासूनचं अंतर गुणिले वेग हा गुणाकार कायम राहू पाहतो. पुस्तकात त्याला कोनीय संवेग म्हणतात. आता हाच हिशेब हवेला लावू. केंद्रापासून 200 किलोमीटरवर ताशी 40 ने वाहणारी हवा 20 किलोमीटरवर आली, की अंतर एक दशांश, म्हणून वेग दहापट: ताशी 400! (पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्याचा वाटा मी सोडून दिलाय, तो धरला तर आकडा आणखी फुगतो.) चक्रीवादळात ताशी 400 ओलांडणारा वारा नोंदला गेलाय तो 10 एप्रिल 1996 ला, ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर: 408, आणि तोही फक्त एका झोतापुरता. मग एरवी हा वेग जातो कुठे? समुद्र खातो. हवा प्रत्येक फेरीत पाण्याला घासते, लाटा उठवते आणि आपला संवेग गमावत जाते. त्यामुळे प्रत्यक्षात वारा अंतराच्या नव्हे, साधारण अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. अंतर दहा पटींनी घटलं की वेग √10 म्हणजे सव्वातीन पटींच्या आत-बाहेर. 40 चे झाले 126. हा आकडा ओळखीचा वाटतो ना?

हीच वाढ थेट मध्यापर्यंत का चालत नाही? कारण इतक्या वेगाने गरगरणारी हवा बाहेर फेकली जाऊ पाहते. केंद्राच्या अलीकडे एका ठिकाणी हे बाहेर ढकलणं आणि दाबाचं आत ओढणं यांची बरोबरी होते. आत जायला वाव नाही, म्हणून हवा तिथेच वर चढते. ती डोळ्याची भिंत. सगळ्यात भयंकर वारा या भिंतीत. तिच्या आत, डोळ्यात, वेग पुन्हा घटत जातो आणि अगदी मध्यावर जवळपास शून्य होतो. डोळा डोक्यावर आला की लोक 'गेलं एकदाचं' म्हणून बाहेर पडतात. मग भिंतीची दुसरी बाजू येते आणि वारा उलट्या दिशेने सुटतो.

पण ही भिंत तरी सगळीकडे सारखी जोरदार असते का? नाही. जमिनीवर फिरता फिरता पुढे सरकणारा भोवरा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला त्याचं फिरणं आणि सरकणं एकाच दिशेने होतं, दुसऱ्या बाजूला परस्परविरुद्ध. वादळ जिकडे चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर आपल्या गोलार्धात उजव्या हाताला बेरीज, डाव्या हाताला वजाबाकी. (बेरीज पुरती होत नाही, साधारण सरकण्याच्या वेगाच्या निम्म्याने.) जुने खलाशी उजव्या भागाला 'धोक्याचं अर्धवर्तुळ' म्हणत ते उगाच नाही. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी 90 आणि 110 मधला फरक झाडाला जवळपास दीडपट जाणवतो.

3 जून 2020 ला 'निसर्ग' ईशान्येकडे तोंड करून अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. उजव्या हाताला दिवेआगर, श्रीवर्धन. तिथे वारा थेट खुल्या समुद्रावरून, काहीही न अडवता आला आणि सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. मुंबई डाव्या हाताला, केंद्रापासून लांबही. तिथला वारा जमिनीवर घासत पूर्वेकडून आला, म्हणजे समुद्राला किनाऱ्यापासून दूर लोटणारा. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मुंबादेवीने शहर कसं वाचवलं त्याचे मेसेज आले. असं असेल तर श्रीवर्धनजवळच्या हरिहरेश्वराचं काय चुकलं, हे कुणी लिहिलं नाही.

पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 ला 'तौक्ते' मुंबईच्या किनाऱ्याला न शिवता भर समुद्रातून गुजरातकडे गेलं. 'निसर्ग'पेक्षा कितीतरी लांबून. तरीही कुलाब्याला ताशी 100 किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले. 'तौक्ते' मुळातच जास्त तगडं होतं, हे खरं. पण देवी तीच, शहर तेच, आणि वादळ शहराच्या पश्चिमेला, समुद्रातून उत्तरेकडे चाललेलं: मुंबई यावेळी उजव्या हाताला होती.