जिल्हा परिषद शाळेत खोल्या पुरत नाहीत? वाढीव वर्गखोलीचा प्रस्ताव असा करा

राज्यात बऱ्याच ठिकाणी जिल्हा परिषद शाळांचा पट घटतोय. पण हवेली, मुळशी, खेड अशा पुण्याच्या आसपासच्या तालुक्यांत काही शाळांची अडचण बरोबर उलटी आहे. नव्या सोसायट्या, कारखाने, बांधकामांवर आलेली कुटुंबं यांमुळे मुलं वाढतात आणि दोन इयत्ता एका खोलीत कोंबाव्या लागतात, नाहीतर एक वर्ग व्हरांड्यात भरतो. पालक आमदारांना निवेदन देतात, पेपरात फोटो येतो. खोली मात्र मंजूर होते ती आकड्यांवर, आणि ते आकडे शाळेतूनच वर जातात.

खोल्या किती हव्यात

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत निकष सरळ आहे: जितके शिक्षक तितक्या वर्गखोल्या, शिवाय कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, २०० पर्यंत ५. त्यापुढे मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. म्हणजे पट २८० असेल तर ७ शिक्षक, ७ वर्गखोल्या आणि वर एक. सहावी ते आठवीला हे प्रमाण ३५ मुलांमागे एक शिक्षक असं आहे. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर हा हिशोब मांडा. ‘मुलांची फार गैरसोय होते’ या वाक्याने फाइल हलत नाही.

मागणी कोणी करायची

एकट्या पालकाने नव्हे, शाळा व्यवस्थापन समितीने. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि शासनाचं किंवा स्थानिक प्राधिकरणाचं नियोजन व अनुदान त्याच आराखड्यावर ठरावं, असं कायदा सांगतो. आराखडा तीन वर्षांचा असतो. त्यात दरवर्षीचा अपेक्षित इयत्तावार पट, लागणारे शिक्षक, खोल्या आणि खर्च येतो. पुष्कळ शाळांत मागच्या वर्षीचाच कागद तारीख बदलून लावतात. वाढत्या गावात तरी ते करू नका. अंगणवाडीतून पुढच्या जूनला किती मुलं येणार, हा आकडा सेविकेकडून लेखी घ्या.

कागदपत्रं

समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, इयत्तावार पटाचा तक्ता, यू-डायस (शाळांची माहिती दरवर्षी नोंदवणारी सरकारी प्रणाली) क्रमांकासह सध्याच्या खोल्यांची माहिती आणि फोटो, जागेचा सातबारा किंवा गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, मोकळ्या जागेचा नकाशा. हेच काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचा दाखलाही बहुधा मागतात. जागा शाळेच्या नावावर नसेल तर आधी ते काम हाती घ्या. गावच्या दात्याने तोंडी दिलेल्या जमिनीवर अंदाजपत्रक होत नाही.

प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा जातो. बांधकाम विभागाचे अभियंते जागा पाहून अंदाजपत्रक करतात. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे त्यापुढचे टप्पे. पैसा समग्र शिक्षा (केंद्र व राज्याची शालेय शिक्षण योजना), जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषदेचा सेस (तिचा स्वतःचा निधी), आमदार-खासदार निधी किंवा कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांपैकी कुठूनही येऊ शकतो. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्या.

प्रस्ताव अडतो तो इथे

यू-डायससाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. वर्गात बसणारं पण हजेरीपटावर नसलेलं मूल त्यात दिसत नाही. स्थलांतरित कुटुंबांची मुलं दाखला येईपर्यंत ‘नुसती बसवायची’ ही सवय शाळेलाच महागात पडते. वयाचा पुरावा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, हे कायद्यातच आहे. अशा मुलांची हजेरीपटावर नोंद ऑगस्टमध्येच उरकावी.

दुसरी अडचण खोल्यांच्या मोजणीची. छत गळणारी, कुलूप लावलेली खोली यू-डायसमध्ये चांगली दाखवली गेली असेल, तर वर कागदावर खोल्या पुरेशा दिसतात. पोषण आहाराचा तांदूळ ठेवलेली किंवा अंगणवाडीला दिलेली खोलीही अशीच वर्गखोलीत मोजली जाते. ही माहिती दुरुस्त करून घ्या आणि धोकादायक खोल्यांचा निर्लेखनाचा (वापराबाहेर ठरवून नोंदीतून काढण्याचा) प्रस्ताव वेगळा पाठवा. तो मंजूर झाल्याशिवाय जुनी इमारत पाडता येत नाही, आणि बऱ्याच शाळांत नव्या खोलीसाठी त्या जुन्या इमारतीचीच जागा उरलेली असते.

गाव महापालिकेत गेलं असेल तर शाळा आज कोणाच्या व्यवस्थापनाखाली आहे ते आधी बघा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. अशा वेळी चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज नुसता पडून राहतो.

खोली होईपर्यंत शाळा दोन सत्रांत भरवायची ठरली, तर पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायलाच हवं. सकाळच्या सत्राचं वेळापत्रक समितीने स्वतः मोजून पाहावं.

दाद लागलीच नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि ती एकटा पालकही करू शकतो. संबंधितांचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीसोबत ठरावाची प्रत आणि मिळालेल्या सगळ्या पोचपावत्या जोडा.